नौकेचा तळ आणि समुद्राची वस्ती

समुद्राच्या पाण्यात बुडालेला कोणताही कठीण पृष्ठभाग फार काळ मोकळा राहत नाही. पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांचा सूक्ष्म थर काही मिनिटांतच त्यावर बसतो, त्यापाठोपाठ जिवाणू आणि डायटम नावाची एकपेशीय शैवले स्थिरावून त्याला बुळबुळीत करतात, आणि पुढील दिवसां-आठवड्यांत हिरवे शेवाळ, नळीत राहणारे कृमी, शिंपले व बार्नॅकल यांची दाट वस्ती तेथे उभी राहते. या वाढीला बायोफाउलिंग म्हणतात. तिच्यातील सर्वांत चिवट घटक असलेला बार्नॅकल चुन्याच्या कवचामुळे शिंपल्याचा सोयरा वाटतो, परंतु प्रत्यक्षात तो खेकडा आणि कोळंबी यांच्या वर्गातला प्राणी आहे. त्याची अळी काही काळ पाण्यात तरंगते आणि शेवटच्या अवस्थेत, काहीही न खाता, केवळ जागेच्या शोधात असते. योग्य पृष्ठभाग सापडला की ती स्वतःला डोक्याकडून चिकटवून घेते आणि मग जन्मभर तेथून हलत नाही. चालत्या नौकेपेक्षा बंदरात उभ्या असलेल्या नौकेवर, आणि थंड समुद्रापेक्षा उष्ण कटिबंधातील पाण्यात, ही वाढ अधिक वेगाने होते, त्याचे कारण या जीवनक्रमातच आहे.

वाढीची पहिली किंमत इंधनाच्या रूपाने मोजावी लागते, कारण खडबडीत तळाला पाणी अधिक विरोध करते. अमेरिकी नौदल अकादमीतील मायकेल शुल्झ यांनी 2007 मध्ये एका फ्रिगेट युद्धनौकेसाठी केलेल्या गणितानुसार, तळावर कठीण कवचांचा जाड थर असेल तर नेहमीचा प्रवासी वेग राखण्यासाठी लागणारी शक्ती 86 टक्क्यांपर्यंत वाढू शकते.

लाकडी जहाजांच्या काळात वेगापेक्षाही मोठी चिंता होती ती जहाजाच्या अस्तित्वाची, कारण टेरेडो नावाचा शिंपल्याच्या कुळातील, अळीसारखा दिसणारा प्राणी लाकूड आतून पोखरतो. हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर चुना आणि तेल यांचा लेप तळाला देण्याची पद्धत होती. ब्रिटिश नौदलाने 1761 मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळावर तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. टेरेडो आणि शेवाळ दोन्ही दूर राहिले, मात्र तांब्याच्या सान्निध्यात लोखंडी खिळे समुद्राच्या पाण्यात झपाट्याने खाल्ले गेले. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना जोडलेले असले की विद्युतप्रवाह वाहतो आणि अधिक क्रियाशील धातू झिजतो, हा नियम त्या वेळी अजून सिद्धांतरूपाने मांडला गेलेला नव्हता. तांब्याच्या मिश्रधातूचे खिळे वापरून ही अडचण दूर झाल्यावर तांब्याचा तळ हा नौदलाचा संकेतच बनला, आणि मुंबईच्या गोदीत सागवानी लाकडातून बांधल्या जाणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांसाठीही तांबे जहाजातून पाठवले जाऊ लागले. डिसेंबर 1812 मध्ये ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकी युद्धनौकेने ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ पाडाव केलेल्या ‘जावा’ या ब्रिटिश जहाजावर असाच साठा होता.

तांबेही हळूहळू झिजते, म्हणून नौदलाने ही झीज थांबवण्याचा प्रश्न हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाकडे सोपवला. त्याने 1824 मध्ये सुचवलेला उपाय असा की तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडावेत, म्हणजे ते स्वतः झिजतील आणि तांबे वाचेल. तांबे खरोखरच वाचले. पण त्यावर शेवाळ आणि बार्नॅकल वाढू लागले आणि नौदलाला ही योजना सोडून द्यावी लागली. तांबे पाण्यात थोडे थोडे विरघळते तेव्हाच त्याचे विष जीवांना दूर ठेवते. ते विरघळणे थांबले की तो पत्रा समुद्राच्या दृष्टीने खडकासारखाच ठरतो. बायोफाउलिंगविरुद्धच्या विषारी उपायांचा पुढील सारा इतिहास याच देवाणघेवाणीचा आहे: संरक्षण हवे असेल तर काहीतरी सतत पाण्यात सोडावे लागते, आणि जे सोडले जाते ते कोठेतरी पोहोचतेच.

लोखंडी जहाजे आल्यावर तांब्याचे पत्रे निरुपयोगी ठरले आणि त्यांची जागा तांबे, पारा, आर्सेनिक यांची संयुगे मिसळलेल्या रंगांनी घेतली. 1960 च्या दशकापासून ट्रायब्युटिल टिन, म्हणजे टीबीटी, हे कथिलाचे संयुग वापरात आले. पाण्याच्या स्पर्शाने स्वतः हळूहळू झिजून सतत नवा थर उघडा करणाऱ्या रंगात ते मिसळले की जहाज पाच वर्षांपर्यंत स्वच्छ राहत असे. परंतु फ्रान्समधील आर्काशों उपसागरात कालवांची कवचे विकृत होऊ लागली आणि तेथील व्यवसाय कोसळला. अन्य किनाऱ्यांवर एका लिटर पाण्यात नॅनोग्रॅमच्या, म्हणजे ग्रॅमच्या शंभर कोटींश भागाच्या, पातळीवरील टीबीटीमुळेही काही सागरी गोगलगाईंच्या माद्यांमध्ये नरांची इंद्रिये उगवलेली आढळली. फ्रान्सने 1982 मध्ये लहान नौकांसाठी या रंगावर बंदी घातली, आणि 2001 मध्ये स्वीकारलेला आंतरराष्ट्रीय करार 2008 मध्ये लागू झाल्यावर हा रंग सर्वच जहाजांवरून हद्दपार झाला.

आज बहुतेक नौकांना क्युप्रस ऑक्साइड हे तांब्याचे संयुग असलेला रंग दिला जातो. ॲल्युमिनियमच्या नौकेला मात्र तो चालत नाही, कारण ‘अलार्म’वरील खिळ्यांचे जे झाले तेच येथे तळाचे होते. दुसरा मार्ग सिलिकोनच्या लेपाचा आहे. त्यात विष असावेच लागत नाही, त्यावर जीव बसतात, पण त्यांची पकड इतकी ढिली असते की नौकेने पुरेसा वेग घेतला की ते धुऊन निघतात. अर्थात आठवडेच्या आठवडे नांगरून ठेवलेल्या नौकेला त्याचा लाभ कमी.

पंखा, शाफ्ट आणि सुकाणू या भागांची गोष्ट अधिक नाजूक आहे. वेगाने फिरणाऱ्या पंख्यावर साधा रंग टिकत नाही, आणि त्याच्या पात्यांवर आलेली थोडीशी वाढही त्याची कार्यक्षमता घटवते. पंखा बहुधा तांबेप्रधान मिश्रधातूचा असल्याने स्वतःला स्वच्छ ठेवू शकला असता. परंतु गंजापासून बचावासाठी त्याला जस्ताचा ॲनोड, म्हणजे त्याच्याऐवजी झिजणारा तुकडा, जोडलेला असतो आणि त्यामुळे डेव्हीचा अनुभव पुन्हा येतो. म्हणून पंखा वेळोवेळी घासून चकचकीत करणे किंवा त्यावर सिलिकोनचा लेप देणे हेच उपाय उरतात. ॲनोडवर मात्र कधीही रंग लावू नये, कारण रंगवलेला ॲनोड झिजत नाही आणि न झिजणारा ॲनोड काहीच वाचवत नाही. इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेणारी तोंडे आणि जाळ्याही तपासाव्या लागतात, कारण तेथे शिंपले बसले की इंजिन तापते.

वाढ रोखण्यामागे आणखी एक कारण आहे. मध्य अमेरिकेकडील मायटिलॉप्सिस सॅलेई हा शिंपला 1960 च्या दशकापासून भारतात आढळू लागला आणि विशाखापट्टणम व मुंबई या बंदरांत स्थिरावला. 1999 मध्ये तो ऑस्ट्रेलियातील डार्विनच्या नौका-बंदरांत सापडला, तेव्हा ती बंदरे बंद करून पाण्यात क्लोरीन व मोरचूद टाकून त्याचा नायनाट करावा लागला. नौकेच्या तळावरून जीव एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात स्थलांतर करतात, हे लक्षात घेऊन आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2011 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि 2023 मध्ये ती सुधारली.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात, तेव्हा तळ खरवडून नव्याने रंगवण्याची सोयीची संधी मिळते. जुना रंग कोरडा घासल्यास विषारी धूळ श्वासात जाते, म्हणून तो ओला करून घासणे आणि निघालेला चुरा गोळा करून दूर नेणे इष्ट. तो वाळूत सोडला तर पहिल्या पावसात खाडीत उतरतो. कोणता रंग निवडावा हे नौकेचा वेग, धातू आणि उभे राहण्याचा काळ यांवर ठरते. परंतु आर्काशोंच्या कालवांनी दाखवून दिले आहे की हा निर्णय नौकेच्या मालकाचा वाटला तरी त्याचा परिणाम त्याच खाडीत कालवे काढून पोट भरणाऱ्यांनाही भोगावा लागतो.