फोटोत न आलेला लोणावळा

१६ एप्रिल उजाडला की बोरीबंदर ते ठाणे ह्या पहिल्या गाडीचं कौतुक सगळीकडे सुरू होतं. व्हायलाच हवं. पण पाचच दिवसांनी येणारी २१ एप्रिल ही तारीख लोणावळ्यातसुद्धा कुणाच्या ध्यानात नसते. १८६३ साली ह्या दिवशी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांनी बोरघाटातली रेल्वे खुली केली. ठाण्याला जायला जमीन बरीचशी सपाट होती, इथे सह्याद्री आडवा होता. तरी आमच्या वाट्याला समारंभ येत नाही. येतात ते व्हॉट्सॲपवर फिरणारे जुने फोटो, आणि त्यांच्याखालचा खोटा मजकूर.

ह्या खोट्या मजकुराची चीड मला खरी आली ती ५ एप्रिल २०२० नंतर. लॉकडाऊनमध्ये रस्ता रिकामा होता. ती संधी साधून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचा अमृतांजन पूल सुरुंग लावून पाडला. दुसऱ्या दिवसापासून ‘इंग्रजांचा रेल्वेपूल गेला’ अशा मथळ्याचे फोटो येऊ लागले, आणि त्यातले निम्मे दुसऱ्याच कुठल्या पुलाचे. अहो, तो पूल रेल्वेचा नव्हताच. तो १८३० सालच्या घाटरस्त्याचा, म्हणजे देशात रेल्वे येण्याच्या तेवीस वर्षं आधीचा. बामच्या जाहिरातीवरून त्याला नाव पडलं आणि तेच टिकलं. वाहतुकीला अडचण होती हे मान्य. पण पाडण्यापूर्वी गावाला बोलावून, शेजारी उभं करून एक नीट फोटो काढावा, एवढंही कुणाला सुचलं नाही.

जुन्या फोटोंकडे बघायला मी तेव्हापासून लागलो. १८५६ पर्यंत गाडी खोपोलीला आली होती, १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे सुरू झाली. मधला घाट लोक पालखीतून, तट्टांवरून, नाहीतर पायी चढायचे. चीफ इंजिनिअर जेम्स बर्कली ह्यांनी आखलेला मार्ग जेमतेम पंचवीस किलोमीटरचा, पण चढ १८३१ फुटांचा, आणि सगळ्यात कठीण जागी सदतीस फुटांना एक फूट. पंचवीस बोगदे. मध्ये रिव्हर्सिंग स्टेशन, तिथे गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि उलट्या दिशेने पुढची चढण सुरू व्हायची. ह्या स्टेशनचे फोटो सुरेख आहेत. कमानी रेखीव, उतार उघडे, आकाश स्वच्छ.

आकाश स्वच्छ का, हे कळायला मला वेळ लागला. तेव्हाचा फोटोवाला काचेला रसायन लावायचा आणि ती काच ओली आहे तोवर फोटो घेऊन जागेवरच्या काळोख्या तंबूत धुवायचा. पावसाळ्यात हे बोरघाटात करून दाखवा! त्यामुळे लोणावळ्याचा जो खरा ऋतू, तोच ह्या फोटोंत नाही. आणि काच काही सेकंद उघडी ठेवावी लागे, म्हणून जे हललं ते पुसलं. पूल हलत नाही, साहेब सांगितलं की स्तब्ध उभा राहतो. डोक्यावर घमेलं घेतलेली बाई कशी थांबेल? १८६१ च्या सुरुवातीला ह्या घाटात बेचाळीस हजार माणसं कामावर होती. फोटोत ती मुंग्यांएवढ्या ठिपक्यांसारखी दिसतात, किंवा दिसतच नाहीत.

त्या माणसांचा माग कागदपत्रांत लागतो, तोही ती भांडली किंवा मेली म्हणून. १८५९ च्या आरंभी मजुरी थकली तेव्हा मजुरांनी दंगा केला. त्यानंतर लवकरच फॅव्हिएल ह्या कंत्राटदाराने काम सोडलं. सॉलोमन ट्रेडवेल नवा कंत्राटदार म्हणून आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत आजारी पडून मेला. कॉलऱ्याने मजुरांच्या झोपड्याच्या झोपड्या रिकाम्या केल्या. ट्रेडवेलची विधवा अॅलिस हिने मात्र कंत्राट परत केलं नाही; अनुभवी इंजिनिअर नेमले आणि काम तडीस नेलं. घाटाच्या बांधकामाच्या फोटोंचा एक संग्रह तिच्या नावाशी जोडला जातो. मला ह्या बाईंबद्दल आदर आहे. पण घाटाची वाट दाखवणाऱ्या शिंगरोबा धनगराची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून गोळी मिळाली, अशी ती दंतकथा. त्याचं देऊळ जुन्या रस्त्यावर आहे आणि ट्रकवाले तिथे आजही नाणं टाकतात. फोटोवाल्यांनी ज्याला टिपलं नाही, त्याला ट्रकवाल्यांनी सांभाळलं.

पुढची शंभरेक वर्षं मी भरभर उलटतो. १८६७ मध्ये घाटातला एक पूल कोसळला. १८७७ मध्ये लोणावळ्याला नगरपालिका आली. वळवण आणि शिरवत्याचं पाणी अडवून टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला वीज केली. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि रिव्हर्सिंग स्टेशन सुटलं. त्याच सुमारास घाटात विजेचं इंजिन आलं आणि १ जून १९३० ला डेक्कन क्वीन धावली. इंजिनांच्या पाण्यासाठी रेल्वेने भुशीला धरण बांधलं होतं. त्याच्या पायऱ्यांवर आता कोण बसतं ते सर्वांना ठाऊक आहे. हे सगळं पुस्तकांत मिळतं.

पुस्तकांत मिळत नाही तो काळ माझा. ११ मार्च १९७८ ला पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली, तिथपासून पुढची दहा वर्षं.

वडील घाटातल्या केबिनवर पॉइंट्समन होते आणि आम्ही रेल्वे क्वार्टरमध्ये. कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे जादा इंजिनं, लागायची, घाटभर ढकलत वर आणायची आणि वर आली की सुटून परत खाली जायची. आमचं घड्याळ म्हणजे ह्या बँकरांचा भोंगा. ‘खेकडा’ म्हणून ओळखली जाणारी, दोन नाकाडांची, सांध्यात वळणारी जुनी विजेची इंजिनं तोवर घाटातून निवृत्त होऊन मुंबईत शंटिंगला जुंपली गेली होती. त्यांतलं एक, ‘सर लेस्ली विल्सन’, दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. इंजिनाला संग्रहालय मिळालं ह्याचा आनंदच आहे.

कॅच साइडिंग ठाऊक आहे का तुम्हाला? घाट उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक लागला नाही तर तिला चढाच्या आडरुळावर वळवून थांबवायची. म्हणून काटा कायम त्या आडरुळाकडेच लावलेला असायचा. गाडी येऊन पूर्ण थांबली, ठरलेला वेळ गेला, मगच मुख्य मार्ग मिळायचा. खिडकीत बसलेले प्रवासी वैतागायचे, ‘सिग्नल नसेल’ म्हणायचे. त्यांचा जीव त्या थांबण्यावर होता. जुलैच्या रात्री दरड आली की वडील कांदा-भाकरी बांधून जायचे ते दुसऱ्या दिवशी दुपारी यायचे. गँगमन हातात कंदील आणि कमरेला रुळावर लावायचे फटाके घेऊन धुक्यात चालत जायचा. पुढे धोका दिसला तर फटाका रुळावर लावायचा, चाकाखाली आवाज झाला की ड्रायव्हर गाडी थांबवायचा. ह्या माणसांचा एकही कामावरचा फोटो मी पाहिलेला नाही. वडिलांचे दोनच आहेत: ओळखपत्राचा आणि निवृत्तीच्या हाराचा.

आणि कॅमेरे तेव्हा नव्हते असं नाही. सुट्टीला मुंबईहून पाहुणे यायचे ते आग्फा क्लिक थ्री गळ्यात अडकवूनच. बारा फोटोंचा रोल. त्यातले चार राजमाची पॉइंटवर, चार माकडांचे, उरलेले चिक्कीच्या दुकानापुढे. ‘काय नशीबवान तुम्ही, रोज ही हवा!’ असं आईला म्हणायचे. आई त्या वेळी चूल फुंकत असायची, कारण ओली लाकडं पेटत नसत.

लाकडांवरून आठवलं. दिवाळीनंतर कामशेतच्या नाक्यावर कोळशाची पोती थप्पीने लागायची. नाणे मावळ, अंदर मावळ, पवन मावळ, सगळीकडून यायची. मालकीच्या जंगलाची तोड ठेकेदार विकत घ्यायचा, भट्टी लावायला कातकरी कुटुंबं आणायचा. पावसाळ्यात दिलेली उचल फेडायची म्हणून ती कुटुंबं यायची आणि हिशेबात कायम मागे राहायची. ओंडके रचायचे, त्यांवर पाला, त्यावर माती, आणि मग ती भट्टी कित्येक दिवस धुमसत ठेवायची. रात्री उठून भोक पडलंय का बघायचं. पडलं तर सगळ्याची राख. पोरं तिथेच झोपायची, धुरात. जंगल कुणी संपवलं असं विचारलं की आजही गावात कातकऱ्याकडे बोट दाखवतात. हे मला कधी पटलं नाही. कुऱ्हाड त्याची होती. जमीन, परवाना आणि ट्रक दुसऱ्यांचे होते. आणि ते उतार उघडे पडल्यावर तिथे जे प्लॉट पडले, कुंपणं आली, ‘सेकंड होम’च्या पाट्या लागल्या, त्या काय कातकऱ्यांच्या होत्या? आज त्याच बंगल्यांच्या हॉलमध्ये घाटरेल्वेचे काळे-पांढरे फोटो फ्रेम करून लावतात.

रेल्वेच्या एका कार्यालयाच्या भिंतीवर कर्मचाऱ्यांचे जुने ग्रुप फोटो होते, पायाशी मांडी घालून बसलेल्या खलाशांसकट. रंगकामाच्या वेळी ते उतरवले ते परत लागले नाहीत. मी विचारायला गेलो तर ‘स्टोअरमध्ये असतील’ म्हणाले. पुन्हा गेलो तर स्टोअरच हललं होतं. साहेबांनी काचांच्या जड पेट्या बोटीतून नेल्या आणि जपल्या. आमच्या भिंतीवरचे फोटो आम्हाला खिळ्यावर परत टांगता आले नाहीत. ह्याचा दोष मी इंग्रजांना कसा देऊ?

द्रुतगती मार्ग झाल्यापासून लोणावळ्याचे फोटो दर शनिवारी लाखांनी निघत असतील. धुकं, भजी, धबधबा आणि स्वतःचा चेहरा. त्यात पॉइंट्समन नाही, भट्टीवाला नाही, गाव नाही. १८६० च्या फोटोवाल्याची काच तरी मंद होती.

तुमच्या घरी लोणावळा, खंडाळा, कर्जत, तळेगाव इथल्या रेल्वे क्वार्टरमधला, मावळातल्या एखाद्या वाडीतला, लग्नातला, गणपतीतला कसलाही जुना फोटो असेल तर तो अल्बममधून बाहेर काढा. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस शेजारी बसवा आणि मागच्या बाजूला शिसपेन्सिलीने लिहा: नाव, काम, गाव, साल. बॉलपेनने लिहू नका, शाई पुढे उमटते.