थॉमस डॅलम व सुलतानाचा ऑर्गन

भजनाच्या बैठकींतील बाजाची पेटी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. भाता हालविला म्हणजे कोंडलेला वारा पितळेच्या पातळ पट्ट्या कांपवीत बाहेर पडतो व स्वर उमटतो. ख्रिस्तमंदिरांतील मोठा ऑर्गन याच कुळांतला. परंतु त्यांत धातूच्या व लांकडाच्या शेंकडों नळ्या असतात, जणूं भात्याच्या वाऱ्यावर वाजणाऱ्या लहानमोठ्या बांसऱ्याच! असे ऑर्गन बांधणारा थॉमस डॅलम हा लंडनच्या लोहारसंघाचा सभासद होता, हें वाचून कित्येकांस नवल वाटेल.

त्याचा जन्म १५७५ चे सुमारास लँकशायर परगण्यांत झाला. तुर्कस्थानाशीं व्यापार करणाऱ्या इंग्रज सावकारांनीं एलिझाबेथ राणीच्या नांवें सुलतान तिसरा महंमद यास नजर करण्यासाठीं त्याजकडून एक आपोआप वाजणारा ऑर्गन करविला. त्यांत घड्याळ होतें, आणि माथ्यावरील झुडपांत बसविलेले पक्षी गाऊन पंख फडफडवीत. १५९९ सालीं डॅलम तो घेऊन ‘हेक्टर’ जहाजानें निघाला. (हेंच जहाज पुढें १६०८ सालीं हॉकिन्ससाहेबांस घेऊन सुरतेस आलें.) कॉन्स्टँटिनोपल येथें पेटारे उघडून पाहतात तों उष्म्यानें सरस सुटलेला, नळ्या चेपलेल्या! इंग्रज वकिलास तें सारें कवडीमोल वाटलें. डॅलमनें मात्र एकेक सांधा पुन्हा जोडला.

सप्टेंबरांत नजराणा झाला. ऑर्गन आपोआप वाजतांच सुलतान प्रसन्न झाला व हातानें वाजविणारा कोणी आहे काय, असें विचारूं लागला. आतां खरा पेंच पडला. वाजवावयाचें तर सुलतानाकडे पाठ करणें भाग, आणि तसें करणें म्हणजे शिरास मुकणें! आज्ञा झाल्यावर डॅलम बसला. बोटें नीट दिसावीं म्हणून सुलतान उठूं लागला, तों त्याचा धक्का डॅलमला लागला. तलवारच उपसली असें त्या बिचाऱ्यास वाटलें. प्रत्यक्षांत पंचेचाळीस सुवर्णनाणीं मिळालीं. येथेंच राहा, दोन बायका देऊं, असा आग्रहही झाला. घरीं बायकापोरें आहेत असें सांगून त्यानें सुटका करून घेतली. तो अविवाहित होता. पण त्या थापेबद्दल त्यास कोण दोष देईल?

स्वदेशीं परतल्यावर त्यानें केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजांत (१६०५-०६) व वूस्टर येथें (१६१३) मोठे ऑर्गन उभारले. सुलतानाचा ऑर्गन पुढील सुलतान पहिला अहंमद यानें मोडून टाकला. इकडे इंग्लंडांत १६४४ सालीं पार्लमेंटनें ख्रिस्तमंदिरांतील ऑर्गन काढून टाकण्याचा हुकूम सोडला. थॉमस तेव्हां हयात नव्हता. त्याच धंद्यांतील त्याचा मुलगा रॉबर्ट फ्रान्सांत ब्रिटनी प्रांतीं जाऊन ऑर्गन बांधीत राहिला व १६६० सालीं राजसत्ता परत आल्यावरच मायदेशीं आला. थॉमसची प्रवासाची रोजनिशी मात्र वांचली; ती १८९३ सालीं छापून निघाली.