फोन साक्षीला उभा राहतो तेव्हा

वाळूजच्या बजाजनगरात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. एमआयडीसीतली पोरं येतात, "दादा, धमकीचा मेसेज डिलीट झाला, काढून द्या." मी फोन उघडत नाही. पुसलेल्या मेसेजची नोंद डेटाबेसात काही काळ उरू शकते. फोन वापरत राहिलं की तिच्यावर नवं लिहिलं जातं.

फोरेन्सिक तज्ज्ञ आधी फोनचं नेटवर्क तोडतात, सिग्नल अडवणाऱ्या फॅराडे पिशवीत ठेवतात. नाहीतर दुरूनही सगळं पुसता येतं. मग डेटाची प्रत घेऊन तिची हॅश, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, काढतात. एक अक्षर बदललं तरी हॅश बदलते.

आणि कोर्टाला कागदही लागतो. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेला खोतकर-गोरंट्याल खटला आपल्या औरंगाबाद खंडपीठातून सुप्रीम कोर्टात गेला. तिथे 14 जुलै 2020 रोजी ठरलं: मूळ उपकरण हजर नसेल, तर इलेक्ट्रॉनिक प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. 1 जुलै 2024 पासूनच्या साक्ष कायद्यात त्या प्रमाणपत्रावर हॅशही लिहावी लागते. मला हे फार योग्य वाटतं. गरिबाच्या फोनवर खोटं घुसवणं त्याने अवघड होतं.

म्हणून नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. फोन फॉरमॅट करू नका, थेट पोलिसांकडे न्या. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर आधी 1930 ही सायबर हेल्पलाइन लावा.