नीसचा उतार

१४ सप्टेंबर २०२५ ला फ्रान्समधल्या नीस शहरात पुरुषांची आयर्नमॅन जागतिक स्पर्धा झाली. पहिले तिघेही नॉर्वेचे आले: कॅस्पर स्टॉर्नेस, गुस्ताव ईडन, क्रिस्टियन ब्लुमेनफेल्ट. आपल्या घड्याळानं सकाळी साडेदहाला शर्यत सुरू झाली, तेव्हापासून संध्याकाळपर्यंत मी साताऱ्याच्या घरी पडद्यासमोरून उठले नाही. शर्यत पाहण्याजोगी होतीच, पण माझा पाय निघत नव्हता तो दुसऱ्याच कारणानं. पूर्ण अंतराची जागतिक स्पर्धा नीसहून हलणार होती. २०२६ पासून पुरुष आणि बायका, सगळ्यांची स्पर्धा एकाच दिवशी, हवाई बेटांवरच्या कोनाला भरणार, हे आधीच जाहीर झालं होतं.

मला हा निर्णय लागला. अजून लागतो आहे.

नीसच्या शर्यतीचा जुना इतिहास मी थोडक्यातच सांगते, कारण तो माझा नाही. १९८२ मध्ये तिथे पहिली ट्रायथलॉन झाली. मार्क ॲलन नावाच्या अमेरिकन खेळाडूनं ती दहा वेळा जिंकली. पुढे बरीच वर्षं अंतरं बदलत राहिली, आणि २००५ मध्ये फ्रान्सची आयर्नमॅन स्पर्धा नीसला आली. तेव्हापासून अंतर ठरलेलं: समुद्रात ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, ४२.२ किलोमीटर धावणं. इथपर्यंतचं मी वाचून जाणते. पुढची काही वर्षं मात्र मी स्वतः अनुभवली आहेत.

२०१२ साली साताऱ्यात हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली. यवतेश्वरच्या घाटातून वर जायचं आणि त्याच वाटेनं खाली यायचं. मी तेव्हा चाळिशीत होते, दोन मुलं शाळेत होती. तो घाट एकदा धावून काढल्यावर लांबच्या शर्यतींचं वेड लागलं. नकाशे बघता बघता नीसचा सायकलमार्ग हाती आला आणि मी थक्क झाले. समुद्रकाठावरून निघायचं, डोंगर चढत ११२० मीटर उंचीच्या कोल द लेक्र या खिंडीपर्यंत जायचं, आणि वर पोचलं की समोर पठार: कोसोलचं, चुनखडीचं, उघडंबोडकं, वाऱ्याचं. आमच्या कासच्या पठाराची उंचीही साधारण तेवढीच. दगड वेगळा, आपला जांभा आणि त्यांचा चुनखडक, पण घाट संपून एकदम मोकळं आभाळ अंगावर येतं तो क्षण मला ओळखीचा होता. ही वाट आपली आहे, असं मला त्या रात्री वाटलं.

पुण्यातल्या एका नावाजलेल्या प्रशिक्षकांकडे मी सल्ल्याला गेले. ते म्हणाले, "ताई, बायकांनी सपाट कोर्स निवडावा. उतारावर हात-पाय गळतात. उगाच कशाला?" सोबत आलेल्या दोन मुलग्यांना मात्र त्यांनी त्याच नीसचा आराखडा लिहून दिला. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

मला शिकवलं ते साताऱ्यातल्या एका सायकल दुरुस्तीवाल्या काकांनी. त्यांनी आयर्नमॅन हा शब्दही आधी ऐकलेला नव्हता. पण तरुणपणी ते दुधाचे कॅन लावून मेढ्याच्या बाजूनं सायकल हाणायचे. त्यांचं सांगणं एवढंच: वळणाच्या आधी ब्रेक, वळणात ब्रेक सोडायचा, आणि नजर चाकापुढे ठेवायची नाही, वळण जिथे संपतं तिथे ठेवायची. ब्रेक दाबून धरायचा नाही. दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. मी ते ऐकलं, पण अंगी मुरवलं नाही. मी चढावर मेहनत घेतली. आठवड्यातून तीनदा यवतेश्वर, रविवारी वाईहून पसरणी घाटानं पाचगणी. उतार म्हणजे विश्रांती, अशी माझी समजूत होती.

२०१३ च्या जूनमध्ये ती समजूत फिटली.

नीसचा किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. करडे, गुळगुळीत, बटाट्याएवढे गोटे. अनवाणी पायांनी त्यावरून पाण्यात उतरताना पोहण्याआधीच चेहरा कसनुसा होतो. पाणी मात्र निळं, स्वच्छ आणि आपल्या समुद्राच्या मानानं थंड. पोहणं निभावलं. मग सायकल. सुरुवातीचे वीसेक किलोमीटर सपाट, आणि तिथेच माणूस फसतो, कारण पाय ताजे असतात आणि सगळे पुढे पळत असतात. त्यानंतर अचानक एक छोटा चढ येतो, पाचएकशे मीटरचा पण भिंतीसारखा उभा. पाठोपाठ व्हाँस, तुरेत ही डोंगराच्या कडेला चिकटलेली गावं, आणि मग लेक्रची वीसेक किलोमीटरची चढण. ती पसरणीपेक्षा उभी नाही, पण संपत नाही. वाटेत कड्याच्या टोकावर बसलेलं गुर्दों गाव लागतं. तिथून मागे पाहिलं की जिथून निघालो तो समुद्र खाली दिसतो. माझ्या सायकलला मागचं सर्वांत मोठं चक्र २५ दातांचं होतं. ते मला ज्या दुकानानं गळ्यात मारलं, त्यांनी घाट कधी चढला नसावा. आज कुणी विचारलं तर मी पुढे ३४ आणि मागे ३२ दात सांगते, त्याहून जड गिअरला मी तयारच होणार नाही.

तरी मी चढले. पठारावर वारा समोरून होता, अंगावरचा घाम गार पडला. राजगिऱ्याचा लाडू खिशात होता. तो तिथेच खायला हवा होता, कारण एकदा उतार लागला की ब्रेकवरून हात निघत नाही आणि खाणं राहून जातं. माझं राहिलं. मी उतरायला लागले. एका बाजूला दगडी कठडा, दुसऱ्या बाजूला दरी, रस्ता अरुंद, वळण संपलं की दुसरं वळण. मी घाबरले आणि ब्रेक दाबून धरले. तेव्हा आमच्या सायकलींना रिमवर घासणारे ब्रेक असायचे. सतत घासलं की रिम तापते, रिम तापली की आतली ट्यूब. सातव्या की आठव्या वळणानंतर पिस्तुलासारखा आवाज झाला. मी पडले नाही, पण कठड्याला टेकून थांबले तेव्हा हात इतके थरथरत होते की नवी ट्यूब बसवायला पाऊण तास गेला. खाली सायकल ठेवण्याच्या जागी पोचले तेव्हा ठरलेली वेळ टळून अकरा मिनिटं झाली होती. एका तरुण मुलीनं हळूच माझ्या घोट्यावरची वेळ नोंदवणारी पट्टी सोडून घेतली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला रडू नंतर आलं.

घरी आल्यावर त्या प्रशिक्षकांचं वाक्य माझ्याकडे तीन माणसांकरवी पोचलं: "सांगितलं होतं." बाई म्हणून माझे हात गळाले नव्हते. मला उतरायला कुणी शिकवलं नव्हतं, आणि ज्यानं शिकवलं त्याचं मी ऐकलं नव्हतं. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि बारा वर्षांनीही तो मला मांडावासा वाटतो.

पुढची चार वर्षं मी चढाइतकाच उतार केला. काका मोटारसायकलवर मागून येत आणि वळणावर ओरडत, "सोड!" ती वर्षं आपल्याकडे या खेळासाठीही चांगली होती. २०१५ मध्ये मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली आणि एका आठवड्यात हा शब्द मराठी घराघरांत गेला. माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "तुझंही तेच का?"

मग २०१६ चा १४ जुलै. फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाची आतषबाजी पाहायला जमलेल्या गर्दीत एका माणसानं ट्रक घातला. ८६ माणसं मेली. जागा प्रॉमेनाद दे आंग्ले, समुद्राकाठचा तो लांब रस्ता, ज्यावर शर्यतीचं धावणं होतं. टीव्हीवर मला तिथल्या निळ्या खुर्च्या दिसल्या आणि नेग्रेस्को हॉटेलचा गुलाबी घुमट दिसला, आणि मी टीव्ही बंद केला.

२०१७ मध्ये मी परत गेले. या वेळी लाडू पठारावर खाल्ला. उतारावर दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. एका वळणाला मोठ्यानं "सोड" म्हणाले, मराठीत, माझ्यासाठीच. खाली आले तेव्हा वेळ हातात होता. धावणं सपाट आहे, विमानतळाच्या बाजूला जाऊन परत, अशा चार फेऱ्या. सपाट म्हणून सोपं समजू नये. सावली नाही, डांबर तापलेलं असतं, आणि डोंगरात मांड्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. दर फेरीला मनगटात एक रंगीत कापडी रबर मिळतं, मुली केसांना बांधतात तसं. त्या रस्त्याच्या कडेला वर्षापूर्वी गेलेल्यांसाठी फुलं ठेवलेली होती, लहान मुलांची खेळणीही होती. चारही फेऱ्यांत तिथे आल्यावर माझ्या आजूबाजूचे लोक बोलायचे थांबत. चौथं रबर हातात पडलं तेव्हा अंधार झाला होता. मी पूर्ण केली. वेळ सांगण्यासारखी नाही, आणि मला ती महत्त्वाचीही वाटत नाही.

काका २०१८ मध्ये गेले. माझा पदक लावलेला फोटो त्यांच्या दुकानात अजून आहे.

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये अर्ध्या अंतराची जागतिक स्पर्धा नीसला झाली आणि ती पाहायला मी पदरमोड करून गेले. गुस्ताव ईडन जिंकला, तेही हँडलवर झुकून बसायच्या खास शर्यतीच्या सायकलवर नव्हे, साध्या रोड बाइकवर. वळणावर जी सायकल हुकमात राहते ती त्यानं निवडली. काकांना हे सांगता आलं असतं तर! पुढच्याच महिन्यात गोव्यात मिरामारला आपल्या देशातली पहिली आयर्नमॅन ७०.३, म्हणजे अर्ध्या अंतराची शर्यत, झाली. मला वाटलं, आता आपली घाटावरची पोरं-पोरी तयार होतील.

झालं उलटंच. हल्ली कुणीही भेटलं की आधी विचारतं, "चढ किती?" चढ जास्त म्हटलं की नाव कटाप. ज्या शर्यतीत वेळ चांगली लागते ती चांगली, असा हिशेब झाला आहे. पसरणीच्या पायथ्याशी राहणारी मुलं खोलीत पंख्याखाली, जागेवर खिळवलेल्या सायकलवर चार-चार तास सराव करतात. त्यांनाही सगळा दोष कसा देऊ? यवतेश्वरच्या घाटात हॉटेलं उभी राहिली, सुट्टीच्या दिवशी कासच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. जिथे मी उतार शिकले तिथे आज सकाळी सातनंतर मुलीला सायकल घेऊन पाठवायला माझं मन धजत नाही.

आणि तिकडे जागतिक स्पर्धेतही तेच, मोठ्या प्रमाणावर. २०२२ मध्ये कोनाला दोन दिवसांची स्पर्धा झाली, तिथल्या लोकांना दोन दिवस रस्ते बंद नको होते. म्हणून २०२३ पासून एक स्पर्धा कोनाला आणि एक नीसला, असं ठरलं. पुरुष आणि बायका आलटून पालटून. नीसच्या जागतिक मार्गावर सायकलची चढाई सुमारे २४०० मीटर, कोनाच्या मार्गापेक्षा पुष्कळ जास्त. २०२३ मध्ये तिथे सॅम लेडलो जिंकला. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये बायकांची पाळी आली. जर्मनीची लॉरा फिलिप पावणेनऊ तासांत पहिली आली, आणि तिच्यामागे हजारावर बायका, त्यात साठी ओलांडलेल्याही, त्याच डोंगरातून उतरल्या. मी ते बघत होते तेव्हा मला पुण्यातल्या त्या खोलीतलं वाक्य आठवत होतं. त्याचं उत्तर त्या दिवशी मिळालं.

नीसला पात्र ठरूनही अनेकांनी जागा सोडल्या, कोनाची वाट पाहू म्हणाले, हे खरं आहे. कोनाला नाव आहे, गेल्या चार दशकांची पुण्याई आहे. पण एका जागेच्या नावासाठी डोंगरातली शर्यत मोडली, आणि त्यासोबत बायकांना मिळालेला स्वतःचा पूर्ण दिवसही गेला. आता पुन्हा एकच दिवस, तीच वाट, आणि जागांची वाटणी. पहिल्याच फेरीत पाहुणे कमी आले म्हणून कुणी घर मोडत नाही. आणखी दहा वर्षं दिली असती तर नीसचंही नाव झालं असतं. हा निर्णय चुकला, असं माझं मत आहे.

जागतिक स्पर्धा गेली, पण कोल द लेक्र तिथेच आहे आणि पसरणीही जागेवर आहे. ज्या मुलींना उतार शिकायचा आहे त्यांनी रविवारी पहाटे साडेपाचला वाईत घाटाच्या पायथ्याशी यावं. सायकल कुठलीही चालेल, ब्रेक तपासलेले हवेत. मी तिथे असते.