वाडवडिलांच्या भूमीत दहा दिवस

मूळ गाव सुटून चार पिढ्या लोटल्या, तरी कुलदैवताच्या निमित्ताने तेथे एकदा जाऊन यावे, ही भावना महाराष्ट्रातील शहरी कुटुंबांस अपरिचित नाही. परंतु चार नव्हे, तर ऐंशी पिढ्या लोटल्या असतील, मधल्या काळात घराण्याने देश आणि भाषा अनेकदा बदलल्या असतील, आणि मूळ भूमीची आठवण केवळ प्रार्थनेत उरली असेल, तर तेथे प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या तरुणाच्या मनाची स्थिती काय होत असेल? निरनिराळ्या देशांतील ज्यू तरुणांच्या ज्या सहली इस्रायलला जातात, त्यांच्याकडे पाहिले असता या प्रश्नाचे काहीसे उत्तर मिळते.

या सहलींपैकी सर्वांत मोठी योजना 1999 च्या अखेरीस सुरू झाली. तिचे हिब्रू नाव ‘तगलीत’, म्हणजे शोध. इंग्रजी नाव ‘बर्थराइट’, म्हणजे जन्मसिद्ध हक्क. चार्ल्स ब्रॉन्फमन व मायकेल स्टाइनहार्ट या दोन धनिकांनी तिचा पाया घातला, आणि इस्रायल सरकारनेही खर्चाचा वाटा उचलला. सर्वसाधारणपणे 18 ते 26 वर्षांच्या तरुणांना दहा दिवसांचा हा प्रवास विनामूल्य घडतो. आजवर आठ लाखांहून अधिक तरुण असे जाऊन आले. त्यांत अमेरिकेतील तरुणांचा भरणा मोठा आहे. एवढ्या औदार्याच्या मुळाशी एक चिंता होती. अमेरिकेतील ज्यूंच्या 1990 च्या पाहणीत, नजीकच्या वर्षांतील सुमारे निम्मे विवाह परधर्मीयांशी झाल्याचे दिसून आले. या आकड्याविषयी पुढे वाद झाला. तथापि पुढची पिढी आपली राहील किंवा नाही, या शंकेने वडीलधारे अस्वस्थ झाले ते झालेच.

सुमारे चाळीस अनोळखी तरुण एका बसमध्ये बसतात आणि प्रवास सुरू होतो. जेरुसलेमची पश्चिम भिंत हे त्यातील मुख्य स्थळ होय. इसवी सन 70 मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केलेल्या मंदिराच्या आवाराची ही आधारभिंत. भाविक तिच्या फटींत प्रार्थनेच्या चिठ्ठ्या ठेवतात. वल्हांडणाच्या भोजनाच्या शेवटी, पुढील वर्षी जेरुसलेममध्ये भेटू, अशी इच्छा दरवर्षी ज्याने घरी उच्चारली, तो येथे प्रत्यक्ष उभा राहतो. कोणास रडू येते. कोणास काहीच वाटत नाही, आणि त्या न वाटण्याचीच खंत वाटते. मृत समुद्राकाठच्या मसादा या डोंगरी किल्ल्यावर पहाटे चढून जाण्याचा परिपाठ आहे. तेराव्या वर्षी व्हावयाचा धर्मदीक्षेचा विधी ज्यांचा राहून गेला, असे कित्येक तरुण तो या प्रवासात उरकून घेतात.

तरीही खरा धक्का प्राचीन अवशेषांचा नसतो. तो साध्या गोष्टींचा असतो. जी हिब्रू केवळ प्रार्थनेची म्हणून अर्थ न कळता पाठ केली, तिच्यातच बसचालक कोणावर तरी ओरडत असतो आणि भाजीवाला टोमॅटोचा भाव सांगत असतो. प्रवासात काही दिवस इस्रायली तरुणही सोबत असतात. त्यांतील बरेच सैन्यातले. वय तेच, पण एकास महाविद्यालयाच्या परीक्षेची काळजी, तर दुसऱ्यास सक्तीच्या लष्करी सेवेची. हर्झल टेकडीवरील सैनिकांच्या स्मशानभूमीत हा सोबती एखाद्या मित्राच्या थडग्यापाशी थांबतो, तेव्हा पूर्वजांची भूमी ही केवळ पूर्वजांची राहत नाही.

मात्र ही ओळख अपुरी आहे, असा आक्षेप स्वतः ज्यू समाजातूनच घेतला गेला. 1950 च्या कायद्याने कोणाही ज्यूस इस्रायलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क आहे. 1948 च्या युद्धात परागंदा झालेल्या सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरबांना व त्यांच्या वंशजांना परतण्याचा तसा हक्क नाही. बसच्या मार्गात त्यांची कहाणी फारशी येत नाही, म्हणून 2018 मध्ये काही तरुणी सहल सोडून हेब्रॉन येथील पॅलेस्टिनी वस्ती पाहावयास गेल्या. योजनेच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे की, दहा दिवसांत आधी आपल्या माणसांची ओळख व्हावी. वाद पुढे समजून घेता येतो.

या प्रश्नाची आणखी एक बाजू महाराष्ट्रास जवळची आहे. अलिबागजवळ नवगाव येथे गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. हे लोक तेल गाळीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत; म्हणून त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. 1948 नंतर त्यांतील बहुसंख्य इस्रायलला गेले. परंतु मराठी व मलिदा त्यांनी सोबत नेला. त्यांच्या तिकडे जन्मलेल्या नातवंडांस आजीचा देश विचाराल, तर तो कोकण होय.

एवंच, मूळ भूमी एकच असते असे नाही, आणि एका भूमीस मूळ मानणारे लोकही एकच नसतात. दहा दिवसांच्या सहलीत या गुंत्याचा उलगडा व्हावयाचा नाही. परतणाऱ्या तरुणाजवळ काही छायाचित्रे असतात, काही नवे मित्र असतात. आणि लहानपणापासून पाठ असलेल्या प्रार्थनेत आता त्यास एक खरा रस्ता व काही खऱ्या माणसांचे चेहरे दिसू लागतात. त्या रस्त्यावर आणखी कोण राहत होते, हे विचारावयाचे की नाही, ते मात्र त्याचे त्यालाच ठरवावे लागते.