बियाण्याची रिकामी पिशवी फेकू नका

मृग निघाला की लोह्याच्या मोंढ्यात पाय ठेवायला जागा राहत नाही. "साहेब, औंदा बी कोणतं घ्यावं?" हा प्रश्न दिवसातून दहा जण तरी विचारतात. पावतीवर काय काय लिहून घ्यावं, हे मात्र वर्षात एखादाच विचारतो. तोही बहुतेक वेळा बी उगवलं नाही म्हणून आलेला असतो.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत खरिपाची भिस्त आता सोयाबीनवर आहे. या बियाण्याचं वरचं टरफल फार पातळ. मळणीयंत्राचा वेग वाढला, पोती उंचावरून आदळली, थप्पी फार उंच लावली की दाणा वरून चांगला दिसतो आणि आतून मेलेला असतो. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीच्या पावसानं शेंगा उभ्या झाडावरच भिजल्या, कुठं कुठं दाण्याला मोड आले. त्याच हंगामातलं बी 2020 च्या जूनमध्ये पिशव्यांत भरून आलं आणि मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग लागला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं वर्तमानपत्रांतल्या बातम्यांची स्वतःहून दखल घेतली, गुन्हे नोंदवायला सांगितलं. विक्रेत्यांनी दुकानं बंद ठेवून निषेध केला. त्यांचंही म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. शिवलेली पिशवी आली तशी विकली, आत काय आहे ते दुकानदाराला कसं दिसणार?

त्याच जूनमधली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं तीन एकरांवर तीन पिशव्या पेरल्या होत्या. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. मी दुसऱ्या गावच्या पंचनाम्यात अडकलो होतो, पोचलो आठव्या दिवशी. तोवर त्यांनी रान मोडून दुबार पेरणी केली होती. त्यांचं काय चुकलं? ओल निघून चालली होती, साहेबांची वाट किती पाहायची? पावती मागितली तर चिठ्ठी निघाली, तिच्यावर "सोया 3 बॅग" एवढंच. लॉट नंबर नाही, वाणाचं नाव नाही. पिशव्यांपैकी एकीची खोळ करून पोरगं पावसात जनावरामागं गेलं होतं, बाकीच्या दोन सापडल्या नाहीत. मोडलेल्या रानाचा पंचनामा मी काय करणार? वहीत तारीख लिहिली आणि परत आलो. कंपनी सुटली, दुकानदार सुटला. मी तीन दिवस आधी गेलो असतो तर निदान न उगवलेल्या ओळी तरी मोजता आल्या असत्या.

कायदा शेतकऱ्याच्या बाजूनं नाही असं आपण पारावर बसून म्हणतो. ते पूर्ण खरं नाही. 1966 च्या बियाणे कायद्याखाली सोयाबीनची किमान उगवणशक्ती 70 टक्के ठरलेली आहे. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात आणखी पुढचं आहे. नोंदणी झालेलं वाण विकताना, अमुक परिस्थितीत ते कसं येईल हे सांगणं पैदासकाराला बंधनकारक आहे, आणि ते तसं आलं नाही तर शेतकऱ्याला भरपाई मागता येते. ही तरतूद गावात कुणाला ठाऊक नाही. आमच्या खात्यातही किती जणांना ठाऊक असेल, शंकाच आहे.

सगळ्यात कामाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, जानेवारी 2012 चा. राष्ट्रीय बियाणे महामंडळाचं म्हणणं होतं की शेतकरी हा ग्राहक नव्हे, आणि बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय दोष ठरत नाही. न्यायालयानं दोन्ही मुद्दे फेटाळले. शेतकरी सगळं बी पेरून टाकणार, त्यानं नमुना मागं ठेवावा अशी अपेक्षा धरता येत नाही. त्या बियाण्याचा नमुना कंपनीकडूनही मागवता येतो, असं सांगितलं. मात्र लॉट कोणता हे सांगायला तुमच्याकडं पिशवीवरचं लेबल आणि पक्की पावती हवीच. नांदेडच्या जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

म्हणून माझं सांगणं एवढंच. पिशवी खालच्या बाजूनं फोडा, वरची शिवण आणि तिच्यातलं लेबल शाबूत राहू द्या. लेबल निळं असेल तर बी प्रमाणित आहे, हिरवट असेल तर सत्यप्रत. पावतीवर वाण, लॉट नंबर, किंमत आणि तारीख घ्या. मूठभर बी फडक्यात बांधून ठेवा. उगवलं नाही तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तालुका तक्रार निवारण समिती पाहून जाईपर्यंत निदान चार-सहा ओळी मोडू नका. आणि पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा. "खोल पेरणी, पावसाचा खंड" हे शब्द आमच्या लोकांच्या लेखणीत आधीच बसलेले असतात.

आता पिशवीवर क्यूआर कोड येतो. केंद्राच्या 'साथी' पोर्टलवर त्या बियाण्याचा प्रवास दिसतो. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्रानं नव्या बियाणे विधेयकाचा मसुदाही पुढं ठेवला. कोड चांगलाच आहे, बनावट पिशवी पकडायला उपयोगी पडेल. पण ती पिशवी गोदामात कशी आपटली, हे कोड सांगत नाही. ते ओलं गोणपाट सांगतं.

त्या शेतकऱ्यांकडं मी पुढं पेरणीच्या आधी मुद्दाम गेलो. या वेळी बी घरचंच होतं. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून ते सावलीत ठेवले होते. दोघांनी मिळून मोजले, 64 निघाले. "मग साहेब, एकरी 30 किलो पुरंल का?" मी हिशेब केला आणि 33 किलो सांगितलं. ते म्हणाले, "मागच्या खेपेला तुम्ही आठव्या दिवशी आलता, ह्या खेपेला पेरायच्या आधीच आलात."