शेवाळाच्या कडेनं

कॅप्टनचं लक्ष पाण्याकडे नाही, आभाळाकडे आहे. लांब काळे पंख पसरून एक फ्रिगेट पक्षी घिरट्या घालतोय. "उंच आहे तोवर तो नुसता शोधतोय," कॅप्टन म्हणतो, "खाली आला की समजायचं, सापडलं." फ्लोरिडातलं आयलामोराडा मागे दिसेनासं झालंय. प्रवाळांवरचं पोपटी पाणी केव्हाच संपलं. खाली आता गल्फ स्ट्रीमची गर्द निळाई आहे आणि बोटीमागे दोरांवरची आमिषं उसळत येताहेत.

पक्षी झेपावतो. पुढे पाण्यावर पिवळसर तपकिरी पट्टा दिसतो, दूरवर गेलेला.

हे सरगॅसम, तरंगतं समुद्री शेवाळ. याला मूळ नाही, तळाशी याचा संबंध नाही. द्राक्षांसारख्या हवेच्या फुग्यांवर ते जन्मभर तरंगतं. अशा रांगा बहुतेकदा वारा लावतो. त्याच्या जोरानं पाण्याच्या वरच्या थरात शेजारी-शेजारी उलटसुलट फिरणारे लांबट प्रवाह तयार होतात, आणि दोन प्रवाह जिथे एकत्र येऊन खाली जातात, तिथे तरंगणारं सगळं जमतं. शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२७ मध्ये अटलांटिक ओलांडताना अशा रांगा पाहिल्या आणि १९३८ मध्ये त्यांचं कारण मांडलं.

मदतनीस पोरगा शेवाळाचा एक झुबका ओढून बादलीत झटकतो. मी वाकून बघतो आणि बघतच राहतो. नखाएवढे खेकडे, पारदर्शक कोळंबी, आणि हुबेहूब शेवाळाच्याच रंगाचा, झालरी ल्यालेला एक मासा. हलला नसता तर दिसलाच नसता. उघड्या समुद्रात लपायला एवढाच आडोसा. पण याच रांगेत बाटल्यांची बुचं आणि नायलॉनचे तुकडेही अडकलेत, आणि इथेच समुद्री कासवांची पिल्लं चरतात. पोरगा कुणी न सांगता एक प्लास्टिकची पिशवी उचलून आत टाकतो. मला तो फार आवडतो.

रीळ किंचाळतं. माही-माही मासा पाण्याबाहेर उडतो: हिरवा, सोनेरी, परांवर निळा. दोर एका शाळकरी मुलीच्या हातात आहे.

"वर घेऊ नकोस!" कॅप्टन ओरडतो. "पाण्यातच राहू दे त्याला."

अडकलेल्या माशामागोमाग त्याचा थवा येतो. बोटीलगतचं पाणी निळ्या-हिरव्या पाठींनी भरून जातं. पोरगा आमिषाचे तुकडे एकेक करून टाकतो, थवा तिथेच टिकावा एवढेच, पोट भरेल इतके नाही. ओढायला ताकद पुरते. खरं कसब मला या हात राखून टाकण्यात दिसतं. उभ्या कपाळाचा एक मोठा नर खालून येतो, तुकड्याला वळसा घालतो आणि निघून जातो.

पेटीतल्या बर्फावर पडलेल्या इतर माशांचा सोनेरी रंग विझत करडा होतो. मुलीचा मासा फळीवर मोजला जातो. शेपटीच्या खाचेपर्यंत २० इंच हवेत. हा कमी भरतो. माही-माही झपाट्यानं वाढतो, वर्षाच्या आतच अंडी घालू लागतो आणि चार-पाच वर्षांपलीकडे क्वचितच जगतो. म्हणून हे थोडे इंच मला महत्त्वाचे वाटतात. मुलगी ओल्या हातांनी त्याला पाण्यात सोडते आणि लगेच विचारते, "आता कुठे?"

कॅप्टन पुन्हा आभाळाकडे बघतो. पक्षी रांगेच्या पुढच्या टोकाकडे सरकलाय.

"दोर सोडा," तो म्हणतो आणि बोट तिकडे वळवतो.